दौलतराव, ती ओळ मी गाळायला लावली

दौलतराव,

काल तुमचे तेरावे झाले. पंगत उठली, मांडव सुटला, फलटणहून आलेली तुमची भावकी दुपारच्या गाडीने परत गेली. "मी गेल्यावर माजं लय कवतिक लिवू नगा, शास्त्रीबुवा, वाचनारा हसंल," असे तुम्ही एकदा बजावले होते. ते मी पाळणार आहे. तुमची पलटणीतली सुभेदारी, तुमचे पदक, तुमचा जन्म कुठला, यांतले काही या कागदावर येणार नाही. मला फक्त एवढे सांगायचे आहे, की जे मी तुमच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी बोललो, ते पहिल्याच दिवशी बोलायला हवे होते. आणि तुम्ही जिवंत असताना, इब्राहिमभाईंच्या कारखान्यात, तुमच्या शेजारी उभा राहून बोलायला हवे होते ते तर त्याहूनही आधीचे आहे.

आपल्या घरांमधली भिंत एकच. माधवनगरला तुम्ही राहायला आलात त्या आठवड्यात माझ्या ओसरीवर दोन शिष्य वेदपठण करीत होते. एक पद पुढे, एक मागे, पुन्हा पुढे. तुम्ही फाटकाशी हात मागे बांधून, पलटणीत उभे राहावे तसे उभे राहिलात. पाठ संपल्यावर म्हणालात,

"आवं शास्त्रीबुवा, ह्यो कसला कोड हाय?"

मी सांगितले, की शब्द असा उलटसुलट गुंफला म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालूनही त्याची एक मात्राही हरवत नाही. तुमचे डोळे चमकले.

"म्हंजी आमचं सिग्नलच की! हिकडनं संदेश जायचा, तिकडनं त्योच माघारी यायचा. जुळला तर बरोबर. तुमी आमच्याच रेजिमेंटचं निघालासा गड्या."

मला 'गड्या' म्हणणारे सांगलीत तुम्ही एकटेच.

पेन्शन घेतल्यावर, नातवंडे खेळवण्याच्या वयात, तुम्ही विशी-पंचविशीच्या पोरांबरोबर बसून संगणक शिकलात आणि कुपवाडला इब्राहिमभाई शिकलगारांच्या कारखान्यात लागलात. बेदाणा ठेवायच्या शीतगृहांना लागणाऱ्या नियंत्रणपेट्या ते बनवतात. अमोनियाचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की पेटी भोंगा वाजवते आणि कॉम्प्रेसर बंद करते. त्या पेटीतला प्रोग्राम तुमचा. तो लिहून झाला की तुम्ही मोठ्या अक्षरांत छापून माझ्याकडे घेऊन यायचात. "वैनी चष्मा बदला म्हनत्यात, तुमी ऐकत न्हाई. म्हनून अक्षरंच मोठी केली." मग आपली संथा चाले. तुम्ही एक ओळ वाचायची, मराठीत तिचा अर्थ सांगायचा, मी बोट ठेवून ऐकायचे आणि विचारायचे, "हा कोण? हा कुठून आला? याला इथे कोणी बोलावले?" मला त्या विद्येतले काहीच कळत नव्हते, आणि तुम्हांला तेच हवे होते. "ज्येला कळतंय त्यो मनातनं दुरुस्त करून वाचतो. तुमी हाय तसंच वाचतासा."

कारखान्यातल्या यंत्रावर दाबाच्या मर्यादा ठरवायच्या, त्या फाईलमध्ये बांधायच्या आणि ती फाईल शीतगृहाच्या पेटीला पाठवायची, तिथे ती पुन्हा उलगडायची, हे मला किती दिवस समजत नव्हते. तुम्ही तुमच्या जुन्या दिवसांतली गोष्ट सांगितलीत. वरच्या चौकीवर वायरलेसचे दोन संच न्यायचे आहेत. ते आख्खे जात नाहीत. सोडवायचे, पेट्यांत भरायचे, प्रत्येक वस्तूला नंबर घालायचा, यादी करायची. वरचा माणूस यादी वाचून जोडतो.

"आन्‌ दोनी संचास्नी बॅटरी एकच आसली तर? ती काय दोनदा भरायची न्हाई. पैल्या संचाच्या यादीत बॅटरी लिवायची, नंबर चार. दुसऱ्याच्या यादीत नुसतं लिवायचं, 'चारचीच'. वरच्यानं वळखायचं, की ही येगळी बॅटरी न्हवं, तीच."

"आणि खालच्याने चुकून 'सातचीच' लिहिले तर?"

"तर वरचा गप सातला तार जोडतोय. त्येनं खालचं कुटं बगितलंय?" तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "चुकून लिवलं तर एक. मुद्दाम लिवलं तर त्ये दुसरं."

फाईल उलगडणे म्हणजे आमचे आवाहन आहे, असे मी म्हणालो. सुपारीवर अक्षत वाहून देवतेला बोलावतो, तसे यंत्र त्या अक्षरांतून वस्तूला जागे करते. तुम्ही हसला नाहीत. "मग शास्त्रीबुवा, तुमी हाक मारल्यावर कोन आलं, त्ये कवा बगतासा?" मी म्हणालो, पाठ शुद्ध असेल तर येणारा शुद्धच. तुम्ही म्हणालात, "पाठ शुद्ध हाय, मान्य. पर पाठवनारा कोन?" हा वाद आपण किती वेळा घातला असेल. तो मिटला नाही. त्यात शेवटचा शब्द माझाच असावा असा माझा हट्ट असे, आणि तुम्ही तो मला घेऊ द्यायचात.

आता त्या दुपारकडे येतो.

आमच्या पठणात एक पद्धत आहे. जो भाग पूर्वी जसाच्या तसा येऊन गेला, तो पदे सोडवताना पुन्हा म्हणत नाहीत. त्याला गलित म्हणतात. तुम्हांला हे सांगितले तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमच्यात गळीत म्हंजी कारखान्याचा हंगाम. तवा तर एक मोळी गाळलेली चालत न्हाई!" मी हसलो आणि पद्धत मात्र तुमच्या कागदांना लावत गेलो. त्या दुपारी आपण शेवटच्या पानांवर आलो होतो. दाबाच्या मर्यादा तपासण्याचा भाग मागेच वाचून झाला होता: खालची वरचीपेक्षा कमी आहे ना, वरची धोक्याच्या आत आहे ना. नंतर पुन्हा तेच नंबर येऊ लागले. चारचीच, सातचीच, पुन्हा चारचीच. ऊन ओसरीवर आले होते, माझी संध्येची वेळ होत होती. मी बोट उचलले.

"हे येऊन गेले आहे, दौलतराव. गलित. पुढे चला."

तुम्ही थांबलात. मला ते आठवते, तुम्ही थांबला होतात. "बगू का एकदा?" म्हणालात. मी म्हणालो, "जे एकदा तपासले ते तपासलेले असते." माझ्या स्वरात शिष्याला गप्प करणारा गुरू होता. तुम्ही पान उलटलेत.

त्या पानात काय होते ते तुम्ही मला नंतर सांगितलेत. दाबमापक थोडा कमीजास्त दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात दुरुस्ती मिळवायची, अशी एक नोंद फाईलच्या शेवटी असते. दुरुस्ती कशाला लावायची, तिथे वस्तूचे नाव नसते, फक्त नंबर असतो. चांगल्या फाईलीत तो मापकाचा, म्हणजे सातचा. कोणी मुद्दाम तिथे चार लिहिले, तर दुरुस्ती जाऊन बसते दाबाच्या वरच्या मर्यादेवर, आणि मर्यादाच धोक्यापलीकडे सरकते. आणि तेही तपासणी होऊन गेल्यावर. फाईलमध्ये कुठेही चुकीची मर्यादा नाही. तपासणाऱ्याला सारे निर्दोष दिसते. त्याने पाठ फिरवली की दुसरा एक हात त्याच डब्यात जातो, कारण त्या हाताला डब्याचा नंबर आपणच दिलेला असतो.

मिरजेकडच्या शीतगृहात नेमके तसेच झाले. कारखान्याच्या नावाने एक फाईल आली. कोणी पाठवली ते आज हे लिहितानाही कळलेले नाही. चौकशी चालू आहे, एवढेच सांगतात. पेटीने ती उलगडली, तपासली, स्वीकारली. दाब चढत गेला आणि भोंगा वाजला नाही. एका जुन्या ऑपरेटरच्या नाकाला वास आला म्हणून त्याने धावत जाऊन हाताने व्हॉल्व्ह बंद केला. बेदाणा निवडणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या. दोघींचे डोळे आठवडाभर उघडत नव्हते. याहून वाईट झाले नाही, ही देवाची कृपा. त्यात माझे काही नाही.

चूक तुम्हांला तिसऱ्या दिवशी सापडली. त्या सकाळी तुमच्यासोबत मी कुपवाडला आलो होतो; का आलो होतो, तुम्ही विचारले नाहीत. इब्राहिमभाई टेबलाशी उभे होते, कामगार दारात गोळा झाले होते.

"सुभेदार, ये कैसे हुआ? तुम्ही तर ओळ न् ओळ वाचून घेता."

"चूक माजी, भाई. एक पान वाचायचं ऱ्हायलं."

मी शेजारी होतो. माझ्या खांद्यावर उपरणे होते, कपाळावर गंध होते, आणि तोंडात शब्द नव्हता. परतताना तुम्ही स्कूटर हळू चालवलीत आणि वाटेत ऊस कसा आला आहे ते मला सांगत राहिलात.

मग तुम्ही प्रोग्राम नव्याने लिहिलात आणि एकेका शीतगृहात जाऊन स्वतः बसवलात. पाच झाली. शनिवारी दुपारी ओसरीवर टेकलात तेव्हा थकलेले दिसत होतात.

"एक ऱ्हायलंय. तासगाव रस्त्याचं. त्येंचा कॉम्प्रेसर खोललाय, बंदच हाय. सोमवारी दुपारी चालू करनार हायती. सकाळचं जातो आन्‌ बसवून येतो."

"ती फाईल पुन्हा आली का?"

"परवा आलती की. दोन ठिकानी. नव्या प्रोग्रामनं दाराभाईर हुबी केली." तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून उठलात. "चाळीस बायका हायत्या तितं, शास्त्रीबुवा. आजची घाई न्हाई, पर सोमवार चुकवून चालायचं न्हाई."

रविवारी पहाटे भिंतीपलीकडून वहिनींची हाक आली. मी पोचेपर्यंत तुम्ही गेला होतात.

स्मशानात इब्राहिमभाई रडत होते. आलेल्या माणसांना सांगत होते, "जाते जाते भी काम पुरं करून गेले सुभेदार. सहाच्या सहा शीतगृहं." त्यांना तुम्ही 'चालू हायती ती सगळी झाली' असे सांगितले असेल, बंद यंत्र मोजण्यात कोण धरतो? तिथे एका वाक्याचे काम होते. सहा नाहीत, पाच. ते वाक्य मी म्हटले नाही. मी स्वतःला सांगितले, चितेसमोर व्यवहार बोलू नये. सोमवारी सांगितले, शोकाच्या घरात असली गोष्ट काढू नये. सोमवारी दुपारी बारापासून मी ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहत होतो. जपाची माळ हातात होती आणि मणी पुढे सरकत नव्हता. तिकडे यंत्र सुरू झाले असेल. आता फाईल आली तर? आता? मी शास्त्र वापरत होतो ते लपण्यासाठी, दौलतराव. पाचच झाली म्हटले, की का राहिले, काय राहिले, ते पान कोणी वाचू दिले नाही, इथपर्यंत जावे लागणार होते. या वयात, या गावात, माणसे माझ्या पाया पडतात. त्या पायांची मला काळजी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कृष्णेकाठी राख सावडायला गेलो. तुमची लेक अश्विनी ओंजळीत तुमच्या अस्थींची फुले घेऊन पाण्यात उभी होती. तिच्या हातातला तो पांढरा ढीग किती लहान होता. मी पाण्यात उतरलो.

"अश्विनी, बाळ, तासगाव रस्त्याचे शीतगृह राहिले आहे. जुनाच प्रोग्राम आहे तिथे. कालपासून चालू आहे."

ती वळली. तीही त्याच कारखान्यात काम करते; तिला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. "काका, हे तुम्हांला कधीपासून माहीत आहे?"

"शनिवारपासून."

तिने ओंजळीतली फुले पाण्यात सोडली आणि काठाकडे वळली. तो प्रश्न मी माझ्याजवळ ठेवला आहे.

घरी आलो तेव्हा तुमच्या जागेवर दिवा तेवत होता आणि लॅपटॉप तिथेच, दिव्यामागच्या पाटावर होता. तुमच्या थोरल्या भावांनी हात आडवा केला. "दिस सरल्याबिगर त्येंच्या वस्तूला हात लावायचा न्हाई, पोरी." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, शास्त्र विचारायचे ते मलाच. मी सांगितले, जिथे कोणाचा जीव अडकला आहे तिथे कोणताही नियम आड येत नाही. हे रविवारीही तितकेच खरे होते. वहिनी कोपऱ्यातून म्हणाल्या, "उचल गं. त्येंनी तरी कवा कशापायी काम थांबीवलं व्हतं?"

शीतगृहाचा फोन लागत होता, पण कोणी उचलत नव्हते. सावडण्याला आलेल्या इब्राहिमभाईंनी गाडी काढली. अश्विनी मागच्या आसनावर, लॅपटॉप मांडीवर. तिच्या शेजारी मी, हातात जुन्या प्रोग्रामची छापील पाने.

"आबा वाचून घेतल्याशिवाय कुठेही बसवत नसत," ती म्हणाली. "तासगावपर्यंत होईल. म्हणा काका, बोट ठेवा."

माधवनगर मागे पडले. ती भराभर वाचत होती, मी विचारत होतो: हा कोण? हा कुठून आला? रस्त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या आडव्या आल्या, इब्राहिमभाई हॉर्नवरून हात काढत नव्हते. "गुरुजी, जरा जलदी," ते पुढून म्हणाले. "जे नेहमीचं आहे ते सोडा ना." अश्विनीनेही मान वर केली. "काका, पुढे तेच नंबर आहेत. चारचीच, सातचीच. सोडू?"

माझे बोट त्याच गाळलेल्या पानावर होते.

"नाही," मी म्हणालो. "इब्राहिमभाई, गाडी थांबवू नका, पण ऐका. सुभेदारांनी जे पान वाचायचे राहिले म्हणून सांगितले, ते त्यांच्याकडून राहिले नव्हते. त्यांना थांबायचे होते. मी गाळायला लावले."

आरशात त्यांचे डोळे दिसले. एक ट्रॉली मागे टाकून म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही तिथंच होता."

"होतो."

"वाचा," ते म्हणाले. "सगळं वाचा."

ती वाचत गेली. आता तिथे तुम्ही नवे लिहिले होते. फाईलमधून जी मर्यादा आली तिच्यावर विसंबायचे नाही. आधी तिची आपली स्वतंत्र प्रत काढायची. मग तपासायची ती प्रत. आणि चालवायचीही तीच. बाहेरचा नंबर धरून कोणी कितीही हात घातला, तरी त्याच्या हाती मूळ डबा लागेल, आपला लागणार नाही. आधी प्रत, मग तपासणी. क्रम उलटला तर दोन्ही व्यर्थ. मी तिला ते पुन्हा वाचायला लावले.

ऑपरेटर फाटकातच भेटला, हातात चहाचा पेला. "तुमची फाईल आलीया की सकाळीच. आता च्या झाला की घेनारच हुतो."

इब्राहिमभाईंनी काहीच पाठवले नव्हते.

अश्विनी त्याच्या बाजूने धावत आत गेली. मी दारात उभा राहिलो. आत लांबच लांब ओळीत बायका बेदाणा निवडत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या. एकीने मला पाहून डोईवरचा पदर सारखा केला. "कोन म्हातारबा गं?" दुसरी म्हणाली, "आगं, पूजा सांगाय आलं आसंल." सगळ्या हसल्या. मी मोजायला लागलो आणि तेवीसपर्यंत येऊन मला पुढचे दिसेनासे झाले. अर्ध्या तासाने अश्विनी बाहेर आली. नवा प्रोग्राम बसला होता. मग तिने ती फाईल त्याच्यापुढे मुद्दाम ठेवली होती, आणि त्याने ती घेतली नव्हती.

"आबांनी दाराबाहेर उभी केली," ती म्हणाली, आणि पायरीवर बसून तेव्हा पहिल्यांदा रडली.

आपला तो वाद, दौलतराव. मला वाटे, परंपरेने हाती आलेल्या पाठावर शंका घेणे हा अविनय आहे. तुम्ही म्हणत होतात, की स्वतःच्या हाताने प्रत काढून घ्यावी आणि ती तपासावी. माझे गुरू वाईच्या घाटावर आम्हांला हेच शिकवत होते, हे मला त्या गाडीत कळले. कोणाच्याही मुखातून आलेली ओळ ते आमच्याकडून आमच्या मुखाने म्हणवून घेत आणि मगच शुद्ध-अशुद्ध पाहत. माझ्या घरातली गोष्ट तुम्हांला ठाऊक होती आणि मला नव्हती. शेवटचा शब्द तुमचा. हे मी तुम्हांला ओसरीवर सांगितले असते, तर तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला ऐकू येते: "आत्ता लिवून द्या."

दिले.

एक राहिले. काल पंगती उठल्यावर अश्विनीने मला त्या नव्या प्रोग्रामची छापील प्रत आणून दिली, तुमच्या पद्धतीने, मोठ्या अक्षरांत. प्रोग्रामच्या ओळींमध्ये तुम्ही देवनागरीत टिपणे घालायचात. यंत्र ती वाचत नाही, म्हणून संथेत आपणही वाचत नसू, आणि गाडीत तिनेही वाचली नव्हती. आज सकाळी मी पहिल्या पानापासून बसलो. त्या जागी आलो. प्रत काढण्याच्या ओळीवर तुम्ही लिहून ठेवले आहे:

"हितं शास्त्रीबुवांनी गाळाय सांगितलं आन्‌ मी गाळलं. दोगांची चूक. त्येंना कुनी बोलू नये. फुडच्यानं मात्र हितं थांबावं."

मी गप्प का होतो ते तुम्हांला माहीत होते. कुपवाडला टेबलाशी उभे होतात तेव्हा माहीत होते, आणि स्कूटरवर उसाबद्दल बोलत होतात तेव्हाही. कधीतरी कोणीतरी ही पाने उघडेल, आणि त्याने मला बोलू नये, याची तजवीज तुम्ही माझ्याआधी करून ठेवली होती. आणि मी तीन दिवस लपण्याची करत होतो.

संथेत गुरू एकदा म्हणतो आणि शिष्य दोनदा. मी उठून दोन घरांमधल्या त्या भिंतीशी बसलो, बोट ठेवले, आणि तुमची ती ओळ मोठ्याने दोनदा म्हटली. मग पुढची.